मागीलदारची मिरची, रोपापासून बरणीपर्यंत : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

भात झोडून झालं, विहिरीशेजारचा कुणगा (शेताचा तुकडा) मोकळा झाला, पाणी वरपर्यंत आहे, म्हणजे मिरची लावायला हीच वेळ. गाव वेंगुर्ला तालुक्यात, शिरोड्याच्या बाजूला. जमीन लाल, जांभ्याची, पाणी पटकन झिरपतं आणि माती आंबट, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात शेणखताबरोबर चुलीतली चाळलेली राख मूठभर घातली, राखेने मातीचा आंबटपणा थोडा उतरतो आणि पालाशही मिळतं. ज्वालाची तीस रोपं, गावठीची वीस. ओळीत दोन फूट, रोपात दीड फूट. ज्वाला म्हणजे लांब, बारीक, सुरकुतलेल्या सालीची, आणि आमची गावठी आखूड, जाड सालीची, तिचं बी सासूबाईंकडे वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे.

प्रकल्प काय ते लिहून ठेवते. मृगाच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत, घरच्याच मिरचीच्या तीन बरण्या भरायच्या. एक फेसलेल्या मोहरीचं लिंबू घातलेलं लोणचं, एक मिठाच्या पाण्यातली आंबवलेली मिरची, एक ताकात मुरवून वाळवलेली. आईंना (सासूबाईंना) हे सगळं हाताच्या अंदाजाने येतं, मला त्यांचा अंदाज ग्रॅममध्ये हवा आहे, कारण असा अंदाज माणसाबरोबर जातो आणि मग घरात नुसतं "पूर्वीसारखं होत नाही" एवढंच उरतं. ते मला नको आहे.

९ डिसेंबर

रोपं धरली. संध्याकाळी पानं उलटून बघायची सवय लावून घेतलीये. पानं वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी, आणि पांढरी माशी दिसली तर जास्त काळजी कारण पर्णगुच्छाचा व्हायरस तीच पसरवते. सगळ्याला मिळून लोक चुरडामुरडा म्हणतात आणि एकच औषध मारत सुटतात, पण पिकावरचा हा कोळी मुळात किडा नव्हे, जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या जातीचा बारीक जीव, त्याला किड्याचं औषध बरेचदा लागूच पडत नाही. सध्या पिवळे आणि निळे चिकट सापळे लावलेत (पिवळ्यावर पांढरी माशी, निळ्यावर फुलकिडे) आणि ५ टक्के निंबोळी अर्क. फवारणी संध्याकाळीच, उन्हात त्याचा असर लवकर उतरतो.

४ जानेवारी

फुलं आली! मिरचीचं फूल मला फार आवडतं, पांढरं, छोटंसं, खाली मान घातलेलं, त्यामुळे उभं राहून दिसतच नाही, खाली बसावं लागतं.

आज एक महत्त्वाचं काम केलं. गावठीच्या चार चांगल्या झाडांवर कळ्या उमलायच्या आधी जुन्या धोतराच्या मलमलीच्या छोट्या पिशव्या बांधल्या. मिरचीचं परागीकरण बरंचसं आपल्याच फुलात होतं, पण मधमाश्या आणि मुंग्या फिरल्या की मिसळही होते, आणि शेजारीच ज्वाला असल्यावर गावठीचं बी शुद्ध राहणार नाही. फळ धरलं की पिशवी काढायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दोऱ्याच्या मिरच्या कोणी तोडायच्या नाहीत, घरात सगळ्यांना सांगून झालंय.

२६ जानेवारी

झाडं भरली. काही खास नाही. बुंध्याशी भाताचा पेंढा आणि पातेरा (सुका पाला) घातला, पाणी एक दिवसाआड. वानरं एकदा येऊन गेली, दोन झाडं मोडली, मिरच्यांना मात्र हात लावला नाही.

१४ फेब्रुवारी

पहिला मोठा तोडा. कालपासून पाणी बंद ठेवलं होतं, मुद्दाम. भरपूर पाणी प्यायलेली मिरची फुगते, बरणीत गेल्यावर तेच पाणी सोडते, आणि लोणच्याचा शत्रू एकच, पाणी. तेल कमी चालेल, मसाला कमी चालेल, पाणी चालत नाही. म्हणून तोडाही दव वाळल्यावर, साडेनऊच्या सुमारास सुरू केला आणि ऊन चढायच्या आत संपवला.

कुठली मिरची घ्यायची हे लिहून ठेवते कारण बाजारात ते बघायला मिळत नाही, तिथे सगळी एकाच ढिगात असते. लोणच्याला हवी ती पूर्ण वाढलेली पण हिरवीगार, साल चकचकीत, खांद्याजवळ घट्ट. अंगठा आणि बोटात धरून हलकी दाबली की करकर आवाज येतो. तो आवाज आला की घ्यायची. कोवळी असेल तर मऊ दबते, आत बी पांढरंफटक आणि ओलं असतं, ती खारात लगेच लिबलिबीत होते. आणि टोकाला तांबूस छटा आली असेल तर ती राहू द्यायची, कारण ती पिकायला लागली, गर मऊ पडणार आणि गोडसर होणार. फूल धरल्यापासून साधारण ४० ते ५० दिवसांत तिखटपणा सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे आपल्याला हवी ती वेळ आणि तिखटाची वेळ जवळजवळ एकच पडते, हे फार सोयीचं आहे.

तोडायची कात्रीने, देठासकट. ओढून तोडली की एकतर फांदी मोडते नाहीतर देठ सुटून येतो आणि मिरचीच्या डोक्याला भोक पडतं. देठ आत्ता काढायचा नाहीच. मी धुवायला घेतल्यावर आई पडवीतूनच ओरडल्या, "गो, देठ काढू नको हां, पाणी जाता आत!" बरोबरच आहे, मिरची आतून पोकळ, देठ काढून धुतली तर पाणी आत जाऊन बसतं आणि मग किती पुसा, बाहेरूनच पुसली जाते.

धुतल्या, एकेक पुसली, सुती धोतरावर माजघरात पसरल्या. रात्रभर पंखा. किनाऱ्यावरच्या हवेत रात्री अंगणात ठेवण्यात अर्थ नाही, पहाटे सगळं दमट होतं.

१५ फेब्रुवारी

आजचा दिवस मोहरीचा. सकाळी बरणी. चिनीमातीचीच घेतली, धातूच्या झाकणाला मीठ आणि आंबट दोन्ही खाऊन टाकतात. गरम पाण्याने धुवून काल दिवसभर उन्हात होती, आज निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून त्यावर बरणी उपडी धरली. हिंगाची धुरी भरलेल्या बरणीचा वास असा काही येतो की अर्ध लोणचं तिथेच झाल्यासारखं वाटतं.

मग वजन. आई मुठीने मीठ घालणार, मी म्हटलं आई जरा थांबा, आधी काट्यावर. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माझी मूठच माझो काटो, तुका काय लिवचा ता लिव." मुठी काट्यावर घातल्या तर ४८, ५१, ४९, ५०! चार मुठींत दोन ग्रॅमचासुद्धा फरक नाही सरासरीपासून. मला खरंच भरून आलं. म्हणजे इतकी वर्षं जे अंदाजाने चाललं होतं ते अंदाजाने नव्हतंच.

तर प्रमाण असं बसलं: ज्वाला मिरची देठ काढून १ किलो (एका पेराएवढे तुकडे, विळीवर), खडे मीठ भाजून कुटलेलं २०० ग्रॅम, मोहरीची डाळ १५० ग्रॅम, तेलात तळून कुटलेली मेथी २ चमचे, हळद ३ चमचे, हिंग चमचाभर, लिंबाचा गाळलेला रस पाव लिटर, गोडं तेल ३०० मिली. मीठ भाजायचं कारण हेच की समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतली ओल ओढतात, पावसात मीठ पाझरतं ते त्यामुळेच.

मोहरी फेसण्याबद्दल नीट लिहायला हवं. कोरडी मोहरी नुसती कुटली तर वास जवळजवळ नसतोच. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात, दाणा फुटून ओलावा मिळाला की एकत्र येतात आणि मग तो नाकात चढणारा झणका तयार होतो. ते घडवणारं जे एन्झाइम आहे ते आंबटाने मंदावतं आणि उष्णतेने मरतं. म्हणून मी आज दोन वाट्यांत करून बघितलं, एका वाटीत मोहरी उकळून गार केलेल्या थोड्या पाण्यात फेसली आणि दहा मिनिटांनी लिंबू घातलं, दुसरीत सुरुवातीलाच लिंबाचा रस. पहिल्या वाटीने डोळ्यांत पाणी आलं, दुसरी नुसती आंबट. आई नेहमी आधी पाणी, मग लिंबू, आणि फोडणी पूर्ण गार झाल्यावरच, असंच करत आल्यात. गरम तेल ओतलं तर फेसायची सगळी मेहनत फुकट. आणि एकदा झणका तयार झाला की लिंबू तो टिकवायला मदत करतं, त्यामुळे लिंबू हवंच, फक्त नंतर.

हे पाणी मात्र अगदी मोजकं, डाळ भिजून फेस यायला लागेल एवढंच, आणि उकळून गार केलेलंच.

हात भयंकर जळत होते. तिखट पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी तेल चोळायचं, मग साबण. जीभ पोळली तर पाणी नाही, ताक किंवा दूध. अजून एक, बी काढलं की मिरची सौम्य होते असं सगळे म्हणतात पण तिखट बियांत नसतं, बी ज्या पांढरट शिरेला चिकटलेलं असतं तिच्यात असतं. आज एक ज्वाला उभी चिरून उन्हात धरली तर त्या शिरेवर बारीक पिवळसर चमकणारे ठिपके स्पष्ट दिसले. तेच ते.

तोंडाला दादरा (फडकं) बांधून बरणी माजघरात.

२ मार्च

गावठीचा तोडा. हिला मोहरीत घालणं म्हणजे वाया घालवणं असं माझं स्पष्ट मत आहे, जाड सालीची मिरची मिठाच्या पाण्यातच खुलते.

मिरची १ किलो, अख्खी, देठाचा तुकडा ठेवून, प्रत्येकीला सुईने तीन-चार ठिकाणी टोचलं म्हणजे खार आतल्या पोकळीत शिरेल, नाहीतर मिरची तरंगत राहते. पाणी १ लिटर उकळून गार केलेलं, मीठ १०० ग्रॅम. पाण्यात हे जास्त वाटतं पण ताज्या मिरचीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच, ते आणि खार एकमेकांत मिसळले की शेवटी मिठाचं प्रमाण ५ टक्क्यांच्या जवळ येतं. एवढ्या मिठात सडवणारे जिवाणू मागे पडतात आणि दुधाचं दही करतात त्यांचे भाऊबंद पुढे येतात. वरून धुऊन उकळलेला गुळगुळीत गोटा. मिरची खाराखालीच राहिली पाहिजे, जी वर डोकं काढेल तिलाच बुरशी येणार.

इथे व्हिनेगर घालून काम झटकन होतं, मला माहीत आहे, पण त्यात आंबट चव बाहेरून येते. आंबवलेल्या मिरचीत ती आतून येते आणि हा फरक जिभेला कळतो.

५ मार्च

बुडबुडे. खार गढूळ झाला, हे चांगलंच लक्षण. मिरची गर्द हिरव्याची ऑलिव्ह रंगाची झाली, आंबटामुळे हिरवा रंग असा उतरतोच, घाबरायचं नाही. वरती पांढरा पातळ पापुद्रा दिसला तो काढून टाकला, तो यीस्टचा असतो. काळी, निळी किंवा केसाळ बुरशी आली तर मात्र सगळं फेकून द्यायचं, वरचं काढून खालचं खायचं नाही.

१३ मार्च

पीएच पट्टी (आंबटपणा मोजायची, आकडा जितका कमी तितकं आंबट) बुडवली, ३.६ ते ३.८ च्या मधला रंग. ४.६ च्या खाली गेलं की बोट्युलिझमचा (जीवघेण्या विषबाधेचा) जिवाणू वाढू शकत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण हल्ली कच्ची मिरची-लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवायची पद्धत खूप दिसते, आंबट काहीच नाही, मीठ नावाला. तेल हवा अडवतं आणि त्या जिवाणूला हवा नकोच असते. तेलाने लोणचं टिकतं हे अर्धच खरं आहे, मीठ आणि आंबट आधी, तेल त्यांच्यानंतर. तेल फक्त झाकण.

शेजारच्या काकींना एक मिरची पेजेबरोबर दिली. त्या म्हणाल्या, "तिखट आसा गो, पण चव आसा." अजून दोन मागून नेल्या.

६ एप्रिल

शिमगा होऊन गेला, ऊन कडक झालं, आता ताकातली. पुन्हा गावठीच. उभी चीर दिली, पण टोकापर्यंत नाही, आणि घट्ट आंबट ताकात मीठ, हिंग, जिरेपूड घालून रात्रभर बुडवली. सकाळी उपसून सुपात पसरायची, संध्याकाळी परत त्याच ताकात, ताक संपेपर्यंत हेच चालू. ताक उरलं नाही की मग नुसतं ऊन, मोडली की कडकन आवाज येईपर्यंत. दुपारी चारला आत घ्यायची, मग खारा वारा सुटतो आणि दिवसभर वाळलेलं परत मऊ पडतं. ज्यांचं घर समुद्रापासून लांब आहे त्यांना ही घाई नाही, आम्हाला आहे.

झाडांवर राहिलेल्या मिरच्या लाल व्हायला लागल्यात. बुलबुल रोज हजर! पक्ष्यांना तिखट लागतच नाही, ते गिळतात आणि बी लांब नेऊन टाकतात, मिरचीचा मूळ बेत तोच असणार. मूळची अमेरिका खंडातली ही, पोर्तुगीज जहाजांबरोबर सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर उतरली, त्याआधी आमच्या कालवणाला तिखटपणा मिरीचा होता. आज मिरचीशिवाय इथला एक तरी स्वयंपाक होतो का! बुलबुलांना ज्वाला खाऊ दे, दोऱ्याच्या मिरच्यांवर मात्र जाळी टाकली.

१० मे

दोऱ्याच्या मिरच्या पूर्ण लाल होऊन झाडावरच सुरकुतायला लागल्या, आज काढल्या. बी काढून सावलीत ताटात पसरलंय. बियांना कडक ऊन दाखवायचं नाही.

शिरोड्याच्या मिठागरातलं मीठ आणलं, वर्षाचं. इथलं मीठ हाताने ओढलेलं, किंचित करडं, खडे ओबडधोबड. १९३० साली याच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला होता, आमच्या बाजूच्या जुन्या माणसांना त्याचा फार अभिमान. मीठ उन्हात एक दिवस घालून मडक्यात भरलं, तळाला भाताचा तूस.

४ जून

ढग भरून आलेत, वारा फिरला. आज तिन्ही बरण्या तपासल्या. मोहरीच्या लोणच्यावर बोटभर तेल नव्हतं, तापवून गार केलेलं १०० मिली घातलं, म्हणजे एकूण तेल ४०० झालं, वरच्या प्रमाणात ३०० च्या जागी पुढे तेवढंच धरायचं. मिठाच्या मिरचीचं आंबणं थांबलंय, ती छोट्या बाटल्यांत भरून एक फ्रीजमध्ये आणि बाकीच्या बाहेर ठेवल्या, फरक बघायचा आहे. ताकातली डब्यात, तळाला आणि वर कागद, डबा चुलीच्या वरच्या फळीवर कारण घरात पावसात कोरडी राहणारी तेवढी एकच जागा.

लोणचं काढायचा चमचा वेगळा, लाकडी, कोरडा, बरणीच्या गळ्यालाच बांधून ठेवला. मुलं ओल्या हाताने येतात.

१९ जुलै

धो धो पाऊस, लाईट नाही. दुपारी उकड्या तांदळाची पेज, ताकातली मिरची तेलात तळून, आणि मोहरीचं लोणचं. मोहरी अजून नाकात चढतेय, पाच महिन्यांनी! ज्वालाचे तुकडे मऊ झालेत पण लगदा नाही, फोड दाताखाली येते. बुरशीचा मागमूस नाही.

मिठाच्या मिरचीत बाहेरची बाटली जास्त आंबट आणि थोडी मऊ, फ्रीजमधली करकरीत. म्हणजे आंबणं "थांबलं" म्हटलं तरी बाहेर हळूहळू चालूच राहिलं. पुढच्या वर्षी पट्टीने तपासून झालं की लगेच सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये. वीज जाते तेव्हा काय, तर आंबट पुरेसं आहे तोवर काळजी नाही, करकरीतपणा तेवढा कमी होईल.

२ ऑगस्ट

गावठीचं बी राखेत घोळवून काचेच्या बाटलीत भरलं, वर चिठ्ठी. अर्ध काकींना दिलं, थोडं नणंदेला मालवणला पाठवायचं आहे, एकाच घरात बी ठेवणं बरं नाही. नोव्हेंबरला गावठी तीस आणि ज्वाला वीस, असं उलट करायचं ठरलं, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण कीर्तीचं बी मिळालं तर ती पाच-सहा रोपं विहिरीच्या पलीकडे, लांब. आईंची मूठ आता वहीत आहे, ५० ग्रॅम. त्यांची हिंगाची चिमूट अजून मोजायची राहिली आहे, काटा एवढं कमी वजन दाखवत नाही, सोनाराकडचा मागून आणावा लागेल.